‘गृहीत’ धरताना होणाऱ्या चुका : अंदाज, अनुमान, समज यांची गल्लत टाळा

सोलापुरात मी मराठी मजकूर तपासून देते. व्यापाऱ्यांची पत्रं, बी.एड.च्या मुलांचे अहवाल, सोसायट्यांच्या नोटिसा, सगळंच येतं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका कुणालाही दिसतात. मला काळजी वाटते ती दुसऱ्याच चुकीची. एखादी गोष्ट आपल्याला पक्की ठाऊक नसते, तेव्हा ती किती कच्ची आहे हे सांगायला मराठीत नेमके शब्द आहेत. आपण मात्र हाताला लागेल तो शब्द वापरतो आणि पुढे माणसं भांडत बसतात.

आधी लेखनातली चूक. ‘गृहित’ नव्हे, ‘गृहीत’. ‘गृहिणी’ लिहून सवय झालेला हात इथेही पहिली वेलांटी देतो. पण गृहिणी आली ‘गृह’ म्हणजे घर यावरून, आणि गृहीत आलं ‘ग्रह्’ म्हणजे घेणे या धातूवरून. ग्राहक, संग्रह, आग्रह ही त्याची भावंडं. अनुगृहीत, संगृहीत यांनाही दुसरीच वेलांटी. आणि ‘मानून चालू या’ ही हिंदीची सावली आहे. मराठी माणूस ‘धरून चालतो’.

अंदाज सांगायचा होता, लिहिलं ‘धरून चालू’

नवी पेठेतल्या एका दुकानदाराने शहराच्या पूर्व भागातल्या एका चादर-कारखानदाराला व्हॉट्सअॅपवर लिहिलं होतं, “गड्ड्याच्या गर्दीत 300 चादरी लागतील असं धरून चालू.” (गड्डा म्हणजे संक्रांतीला भरणारी आमची सिद्धेश्वराची यात्रा.) उत्तर आलं, “समजलं.” संक्रांतीच्या तोंडावर 300 चादरी विणून तयार, आणि दुकानदार 180 च घ्यायला तयार. दोघं माझ्याकडे तडजोडीचं पत्र लिहून घ्यायला आले तेव्हाही वाद चालूच होता.

“लागतील म्हणलाव की शेठ!”

“अहो, मी अंदाज सांगितला. ऑर्डर कुठं दिली होती?”

दोघंही खरं बोलत होते. खोट होती ती ‘धरून चालू’मध्ये. त्यात ‘आपण दोघं’ येतो. एकदा दोघांनी मिळून एखादा आकडा धरला, की सूत आणणं, माग लावणं, मजुरी हा सगळा पुढचा हिशेब त्याच्यावर उभा राहतो. अंदाज तसा नसतो. तो सांगणाऱ्याचा एकट्याचा असतो आणि चुकला तर ‘अंदाज चुकला’ एवढं म्हणून माणूस मोकळा होतो. दुकानदाराने लिहायला हवं होतं, “साधारण 300 लागतील असा माझा अंदाज आहे. पक्का आकडा 15 डिसेंबरला कळवतो, तोवर विणायला घेऊ नका.” आणि कारखानदाराचं ‘समजलं’ही अपुरंच. समजणं वेगळं, मान्य करणं वेगळं. “300 विणायला घेतो, चालेल ना?” एवढं विचारलं असतं तर 120 चादरी गोदामात पडून राहिल्या नसत्या.

शब्द ठरत नसेल तर ‘कशावरून?’ विचारा

मी स्वतः हाच उपाय करते. सकाळी गल्लीत मागांची खडखड ऐकू आली नाही, म्हणून मी म्हटलं, “वीज गेली असावी.” कशावरून? आवाज नाही यावरून. उत्तर देता आलं, म्हणजे हे अनुमान. आपल्या न्यायशास्त्रातलं डोंगरावरच्या धुराचं उदाहरण हेच सांगतं. धूर दिसतो, म्हणून तिथे आग आहे. धूर दाखवता येत नसेल तर अनुमान हा भारदस्त शब्द वापरू नये. “आता रोजच वीज जाणार बघा,” हे कुणी नुसतं ओट्यावर बसून म्हणालं तर ती अटकळ. आणि ‘कशावरून?’ला “ते सोडा, तेवढं धरूनच पुढे जायचंय” असं उत्तर असेल, तर ते गृहीत.

अहवालांत नेमकी इथेच गफलत होते. ‘संशोधनाची गृहीतके’ या मथळ्याखाली मुलं लिहितात, “कथाकथनामुळे विद्यार्थ्यांचे वाचन सुधारते.” अरे, हेच तर तुम्हाला तपासायचं आहे! ती परिकल्पना. गृहीतक म्हणजे जे न तपासता पायाला घेतलं ते. प्राचीन ग्रीक गणिती युक्लिडने भूमिती रचताना अशी 5 गृहीतकं पायाला घेतली. त्यातल्या समांतर रेषांच्या पाचव्या गृहीतकाच्या जागी लोबाचेव्स्की आणि बोल्याय या गणितज्ञांनी 19 व्या शतकात दुसरं ठेवलं, तर वेगळीच भूमिती उभी राहिली. पाया बदलला की इमारत बदलते, म्हणून गृहीतक लपवायचं नसतं, उघड लिहायचं असतं. एका अहवालात न लिहिलेलं गृहीतक मला सापडलं : वर्गातल्या सगळ्या मुलांच्या घरी मराठीच बोलतात. शाळा पूर्व भागातली, जिथे कितीतरी घरांत तेलुगू चालते! त्या पोरांचं वाचन ‘कच्चं’ ठरवण्याआधी हे कुणीतरी बघायला नको का?

तो समज, ती समज

‘माझा समज’ आणि ‘माझी समज’ यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पुल्लिंगी समज म्हणजे मनात बसलेली धारणा, आणि ‘माझा असा समज होता’ म्हटलं की बहुधा तो खोटा ठरलेला असतो. स्त्रीलिंगी समज म्हणजे आकलन, पोच. “पोराला समज आहे” हे कौतुक झालं, आणि “पोलिसांनी समज देऊन सोडलं” यात ताकीद आहे. समजूतही स्त्रीलिंगीच. ती असते, घालता येते, रुसलेल्या माणसाची काढताही येते. ‘गैरसमज’ मात्र पुल्लिंगी. “माझी गैरसमज झाली” असं लिहू नका.

परवा एका सोसायटीची नोटीस तपासायला आली : “उद्या पाणी येईल असे गृहीत धरावे.” आपल्याकडे पाणी काही दिवसांच्या अंतराने येतं. असं वाचून कुणी आज कशाला जपून वापरेल? मी ती अशी करून दिली : “उद्या पाणी येण्याचा अंदाज आहे, खात्री नाही. साठवलेले पाणी परवापर्यंत पुरवावे. बदल झाल्यास फळ्यावर कल्पना देऊ.”