सहा द्रव्यं शिकताना या चुका टाळा

मुलुंडच्या आमच्या रविवारच्या पाठशाळेत एका मुलीला विचारलं, "द्रव्यं किती?" ती बोटांवर मोजायला लागली, "जल, चंदन, अक्षता, पुष्प..." आणि आठवर थांबली. सकाळीच आईबरोबर पूजेचं ताट लावून आली होती. पूजेची अष्टद्रव्यं वेगळी, जैन दर्शनातली षड्द्रव्यं, म्हणजे विश्वातले सहा मूळ पदार्थ, वेगळी, एवढं तिला सांगितलं. मोठ्यांच्या स्वाध्यायातही मला हाच घोटाळा वेगवेगळ्या रूपांत भेटतो. शब्द ओळखीचा असतो, म्हणून अर्थही ओळखीचाच धरला जातो.

जीव, पुद्गल (म्हणजे जड पदार्थ), धर्म, अधर्म, आकाश आणि काळ ही ती सहा द्रव्यं. पुद्गल सोडला तर बाकीचे पाचही शब्द आपल्या रोजच्या तोंडचे आहेत, आणि अडचण तिथेच आहे.

धर्म म्हणजे पुण्य नव्हे

सगळ्यात खोल रुजलेली चूक ही. धर्मद्रव्य म्हटलं की दानधर्म डोळ्यांपुढे येतो, अधर्म म्हटलं की पाप. तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथाच्या पाचव्या अध्यायात मात्र धर्माचं काम गतीला साहाय्य करणं आणि अधर्माचं काम स्थितीला साहाय्य करणं, एवढंच सांगितलं आहे. दोन्ही अचेतन, अमूर्त आणि लोकभर, म्हणजे सहाही द्रव्यं जिथे आहेत त्या सगळ्या विश्वभागात, पसरलेली द्रव्यं.

साहाय्य म्हणजे ढकलणं नव्हे, इथे दुसरी ठेच लागते. आचार्य नेमिचंद्रांच्या द्रव्यसंग्रहात (58 प्राकृत गाथांचा हा छोटा ग्रंथ पाठ करण्यासारखा आहे) माशाचा दृष्टांत येतो. मासा पोहायला लागला की पाणी त्याला उपयोगी पडतं, पण थांबलेल्या माशाला ते कुठे नेत नाही. अधर्मासाठी वाटसरूची सावली. उन्हातून आलेला माणूस झाडाखाली टेकतो, सावलीने त्याला हात धरून बसवलेलं नसतं.

मुंबईत शिकवताना लोकल आणि रुळांचं उदाहरण पटकन सुचतं. मीही कित्येक वर्षं तेच देत होतो, आता देत नाही. रूळ गाडीला ढकलत नाहीत हे खरं, पण ती कुठे जाणार ते ठरवतात. ठाण्याच्या रुळांवरून गाडी वसईला जाणार नाही. धर्मद्रव्य दिशा ठरवत नाही. माशाला पाणी सगळीकडे सारखंच असतं, म्हणून जुना दृष्टांतच बरा.

आपल्याला अर्थ नीट कळला का, हे तपासायला एक प्रश्न पुरतो. मुक्त जीव वर जातो, मग लोकाच्या टोकाला का थांबतो? उत्तर असं, की पुढे अलोकात, म्हणजे लोकाबाहेरच्या नुसत्या आकाशात, धर्मद्रव्यच नाही. इथे धर्माच्या जागी 'पुण्य' घालून वाचून बघा. सिद्धाला, म्हणजे त्या मुक्त जीवाला, पुण्य आणि पाप दोन्ही उरलेलं नसतं, मग त्याची गती पुण्यावर कशी अवलंबून असेल? वाक्य कोसळतं, आणि चूक आपोआप सापडते.

पुद्गलात काय काय बसतं

दगड, माती, शरीर इथपर्यंत सगळे सांगतात. आवाज विचारला की वर्ग थांबतो, आणि कुणीतरी हमखास म्हणतं, "शब्द हा आकाशाचा गुण." हे पंचमहाभूतांच्या ओळखीतून आलेलं आहे. ते वैशेषिक या वेगळ्या दर्शनाचं मत. त्यांची द्रव्यं नऊ, आणि पृथ्वी, जल, तेज, वायू यांचे परमाणू त्यांच्याकडे वेगवेगळ्या जातींचे. जैन दर्शनात परमाणूची जात एकच आणि शब्द हा पुद्गलाचा पर्याय, म्हणजे त्याची एक बदलती अवस्था. अंधार, छाया, ऊन, चांदणं हेही पुद्गलाचेच पर्याय. स्पर्श, रस, गंध, वर्ण हे पुद्गलाचे गुण.

कर्मही पुद्गलच आहे, आणि हे पचायला सगळ्यात जड जातं. आपण 'कर्म' म्हणजे केलेली कृती किंवा नशीब समजतो. इथे मात्र कर्म म्हणजे अतिसूक्ष्म पुद्गल. तेल लावलेल्या अंगाला धूळ चिकटावी तसं ते क्रोध, लोभ अशा कषायांमुळे जीवाला बांधलं जातं. हे सुटलं, तर आस्रव (कर्म आत येणं), बंध (ते बांधलं जाणं), निर्जरा (ते झडणं) हे सगळे शब्द अधांतरी राहतात.

आणखी एक मोह आवरायला हवा. परमाणू म्हणजे शाळेतला अणू आणि धर्मद्रव्य म्हणजे ईथर (प्रकाशलहरींचं माध्यम म्हणून एकेकाळी मानलेला पदार्थ), अशी जुळवाजुळव ऐकायला छान वाटते. पण शाळेतला अणू फुटतो, जैन परमाणू अविभाज्य. ईथर शोधायला निघालेल्या मायकेलसन आणि मॉर्ली यांच्या 1887 च्या प्रयोगात ईथरचा मागमूस लागला नाही, आणि पुढे विज्ञानाने ती कल्पना सोडून दिली. आपलं दर्शन तिच्या खुंटीला कशाला टांगायचं?

आकाशाबद्दल थोडक्यात. वर दिसणारं निळं ते नव्हे. सगळ्या द्रव्यांना जागा देतं ते आकाश, म्हणजे तुमच्या खोलीतही आहे आणि मुठीतही.

जीव हृदयात कुठेतरी अंगठ्याएवढा बसलेला आहे, अशी समजूत घेऊन बरेच जण येतात. जैन मतात जीव अनंत आहेत आणि संसारी जीव देहाएवढा असतो. दिवा घागरीत ठेवला तर घागरीपुरता, खोलीत ठेवला तर खोलीभर, तसा मुंगीत आणि हत्तीत.

पाच की सहा?

कुणी पाच अस्तिकाय म्हणतं, कुणी सहा द्रव्यं, आणि भांडण लागतं. अस्तिकाय म्हणजे अनेक प्रदेशांचं, परमाणूएवढ्या सूक्ष्म भागांचं, द्रव्य; काळाला प्रदेशांचा समूह नाही म्हणून तो अस्तिकाय नाही. द्रव्यांत मोजला की सहा होतात. तत्त्वार्थसूत्राच्या दिगंबर पाठात सूत्र 'कालश्च' (काळही द्रव्य) असं आहे, श्वेतांबर पाठात 'कालश्चेत्येके', म्हणजे काही जण काळालाही द्रव्य म्हणतात. वाळकेश्वरला एक ऐकलं आणि घराजवळ दुसरं, म्हणून कुणाला खोटं ठरवू नका. आधी पाठ कोणता ते विचारा. सात तत्त्वांची यादीही यात मिसळू नका. विश्वात काय आहे, हे द्रव्यं सांगतात. जीव कसा बांधला जातो आणि कसा सुटतो, हे तत्त्वं सांगतात.

शेवटची चूक नित्य या शब्दाची. द्रव्य नित्य म्हणजे न बदलणारं, असं वहीत लिहिलेलं दिसतं. सूत्र म्हणतं, जे सत् आहे ते उत्पाद (उपजणं), व्यय (नाहीसं होणं) आणि ध्रौव्य (टिकून राहणं) या तिन्हींनी युक्त असतं. आचार्य समंतभद्रांनी आप्तमीमांसा या ग्रंथात सोन्याचा घट मोडून मुकुट केल्याचा दृष्टांत दिला आहे. मला तो झवेरी बाजारात कळला. आजीच्या पाटल्या आटवून बहिणीच्या बांगड्या करायच्या होत्या. मुशीत पाटल्या वितळल्या तेव्हा आजीने पदर डोळ्यांना लावला, बहीण नव्या नक्षीचं चित्र पुन्हा पुन्हा बघत होती, आणि सोनाराची नजर फक्त काट्यावर होती. हेच उदाहरण वर्गात देतो तेव्हा लगेच पुढे सांगतो, की सोनं इथे द्रव्याच्या जागी धरलंय ते समजण्यापुरतं. नेमकेपणाने बघितलं तर सोनं हासुद्धा पुद्गलाचा एक पर्यायच आहे.