तारखेची खिडकी बघून क्रोनोग्राफ कसा पारखावा

"काका, हे घेऊ का?" असं विचारायला मुलं येतात आणि मोबाइलवर घड्याळाचा फोटो पुढे करतात. किंमत वाचली की वाटतं, माझ्या ठाण्यातल्या दुकानाचं वर्षाचं भाडं त्यात निघेल. मी एकच विचारतो, "तारीख कुठे आहे?"

क्रोनोग्राफ म्हणजे पोटात स्टॉपवॉच असलेलं घड्याळ. त्याच्या डायलवर दोन-तीन छोटे डायल आधीच ऐसपैस बसलेले असतात. तारखेला मिळते ती लोकलमधली चौथी सीट. तेव्हा पहिल्यांदा बघा, तिच्यासाठी कोण सरकलंय.

1969 सालची दोन घड्याळं घ्या. झेनिथच्या एल प्रिमेरो ए386 मध्ये 3, 6 आणि 9 वर छोटे डायल, म्हणून तारीख 4 आणि 5 च्या मध्ये सारली. ह्यूअरच्या चौकोनी मोनॅकोत छोटे डायल दोनच, 3 आणि 9 वर. तारीख आरामात 6 वर बसली. व्हॅल्जू 7750 या मशीनमध्ये 12, 6 आणि 9 भरलेले असतात, त्यामुळे 3 वर वार आणि तारीख दोन्ही मावतात. रोलेक्सच्या डेटोनाला आणि चंद्रावर गेलेल्या ओमेगा स्पीडमास्टरला तारीखच नाही. मला तो कमीपणा वाटत नाही. खिडकी कोंबण्यापेक्षा नसलेली बरी.

4 आणि 5 च्या मधल्या खिडकीवर बरेच जण नाक मुरडतात. मी तसं करत नाही, पण तिने छोट्या डायलचा कडेचा आकडा अर्धा खाल्ला असेल तर ते घड्याळ खाली ठेवतो.

आता भिंग घ्या. तारखेची चकती डायलच्या अगदी खाली टेकलेली दिसते, की विहिरीत डोकावल्यासारखी खोल? खोल असेल तर बहुधा साध्या ऑटोमॅटिक, म्हणजे मनगटाच्या हालचालीने आपोआप चावी भरणाऱ्या, मशीनवर क्रोनोग्राफचा वेगळा मजला चढवलाय आणि तारीख तळमजल्यावरच राहिलीय. घड्याळ आडवं धरून बघा. चावी आणि तिच्या दोन्ही बाजूंची बटणं एका रेषेत नसतील तर शंका पक्की करा. अशी घड्याळं वाईट चालतात असं नाही, पण पैसे कशाचे देतोय ते कळायला हवं.

काळ्या डायलवर पांढरी चकती मला खटकते. डायलच्याच रंगाची चकती आणि डायलवरच्याच वळणाचे आकडे असतील तर कुणीतरी मन लावून काम केलंय. खिडकीची कडही बघा, तासून उतरती केलीय की पत्र्याला नुसतं भोक पाडलंय? मग चावी ओढून काटे पुढे फिरवत सगळ्या तारखा बघा. 7 नीट मधोमध आणि 23 कडेला घासतोय, असंही सापडतं. याला अर्धा तास लागतो. दुकानदार चहा विचारेल, घ्या.

तारखेला चौथी सीट न देता खिडकीची जागा द्यायची, हे जर्मनीतल्या लांगे उंड झ्योने या घड्याळ कंपनीने 1999 च्या डाटोग्राफमध्ये करून दाखवलं. तारीख थेट 12 खाली, दोन मोठ्या चौकटींत, आणि तिच्यासाठी दोन्ही छोटे डायल खाली सरकवलेले. ही कल्पना जर्मनीतल्याच ड्रेस्डेन शहरातल्या झेम्पर ऑपेरा या नाट्यगृहातल्या घड्याळाची. 1841 सालच्या त्या घड्याळात एका चौकटीत तास आणि दुसरीत पाच-पाच मिनिटांच्या टप्प्याने मिनिटं दिसायची. लांगेच्या तारखेत एककांची चकती वेगळी आणि दशकांची वेगळी. दशकांचा तुकडा फुलीच्या आकाराचा असतो: 1, 2, 3 आणि एक कोरी जागा. 31 वरून 1 वर जाताना एकक जागचा हलत नाही, कारण 1 आधीच तिथे असतो. नुसता 3 जाऊन कोरी जागा येते. असं मशीन मी हातात धरलेलं नाही, चित्रं बघूनच समजून घेतलंय.

घेतलंत तर एक पाळा. साध्या तारखेच्या घड्याळाला वर्षातून पाच वेळा हात लावावा लागतो: फेब्रुवारी, एप्रिल, जून, सप्टेंबर आणि नोव्हेंबर संपताना. तो हात रात्री लावू नका. साधारण 8 पासून पहाटे 3 पर्यंत तारीख ढकलणारं चाक बऱ्याच मशीनमध्ये चकतीच्या दातात अडकलेलं असतं. शिकाऊ असताना एका गिऱ्हाइकाच्या घड्याळाचा दात मी असाच मोडला होता. बाबांनी दोन महिने मला नुसत्या भिंतीवरच्या घड्याळांना सेल घालायला बसवलं. म्हणून आधी तारीख बदलेपर्यंत काटे पुढे फिरवा, म्हणजे मध्यरात्र उलटल्याचं कळेल. तसेच पुढे सकाळच्या 6 पर्यंत आणा आणि मग तारीख बदला.