आईबाबांच्या औषधांचं बिल: किंमत नियंत्रणाचा कायदा वापरून ते कमी कसं करायचं

भारतात औषधांच्या किमतीवर कायद्याचा लगाम आहे, पण तो प्रत्येक गोळीला सारखा लागत नाही. जीवनावश्यक वस्तू कायदा, १९५५ खाली निघालेला ‘औषध किंमत नियंत्रण आदेश, २०१३’ काही औषधांची कमाल किंमत ठरवतो, काहींच्या फक्त दरवाढीला आळा घालतो आणि पेटंटवाल्या नव्या औषधांना पहिली पाच वर्षं मोकळं सोडतो. त्यामुळे बिलाच्या एकूण रकमेकडे बघून काही हाती लागत नाही. आईबाबांच्या सगळ्या पट्ट्या टेबलावर काढा आणि एकेक तपासा. पाचसहा औषधं असतील तर पाऊण तास पुरतो.

आधी मूळ औषधाचं नाव शोधायचं. एकच घटक असलेल्या बहुतेक औषधांच्या पट्टीवर जेनेरिक नाव ब्रँडच्या नावापेक्षा ठळक छापणं २०१८ पासून बंधनकारक आहे, त्यामुळे ते सापडायला भिंग लागत नाही. वहीत चार गोष्टी लिहा: जेनेरिक नाव, ताकद (किती मिलिग्रॅम), प्रकार (साधी गोळी की हळूहळू विरघळणारी, म्हणजे एसआर किंवा ईआर) आणि पट्टीत किती गोळ्या. हा ‘प्रकार’ लोक हमखास विसरतात आणि तिथेच हिशोब फसतो. कमाल किंमत औषधाला लागत नाही, त्या औषधाच्या ठरावीक ताकदीला आणि ठरावीक प्रकाराला लागते. मेटफॉर्मिन ५०० च्या साध्या गोळीचा भाव एसआर गोळीला लावून मेडिकलवाल्याशी भांडलात तर चूक तुमची.

आता प्रत्येक औषध कायद्याच्या कोणत्या कप्प्यात बसतं ते बघायचं. राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत (२०२२ च्या यादीत ३८४ औषधं आहेत) तुमचं औषध त्याच ताकदीत असेल तर त्याला कमाल किंमत आहे. टेल्मिसार्टन, अम्लोडिपिन, अटोर्वास्टॅटिन, क्लोपिडोग्रेल, ग्लिमेपिराइड ही म्हातारपणातली नेहमीची मंडळी या यादीत आहेत. ही किंमत राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरण, म्हणजे एनपीपीए, ठरवतं. बाजारात एक टक्का किंवा जास्त वाटा असलेल्या ब्रँड्सच्या दुकानदाराला पडणाऱ्या दराची सरासरी काढायची आणि त्यावर १६ टक्के दुकानदाराचा नफा चढवायचा, असं सूत्र आहे. मेख इथेच आहे. सरासरी बाजारभावाची, उत्पादनखर्चाची नाही. महाग ब्रँड जोरात खपत असतील तर मर्यादाही वरच बसते. म्हणून ‘सरकारने ठरवलेला भाव’ म्हणजे स्वस्त भाव असं समजू नका. त्याच औषधाचे निम्म्या किमतीचे ब्रँड बाजारात असू शकतात.

या यादीतल्या औषधांना दर १ एप्रिलला घाऊक किंमत निर्देशांकानुसार वाढ मिळते. २०२३ मध्ये ती १२.१२ टक्के होती, २०२४ मध्ये ०.००५५१ टक्के, म्हणजे नावापुरती, आणि २०२५ मध्ये १.७४ टक्के. एप्रिलमध्ये बिल चढलं तर आधी त्या वर्षीचा आकडा बघा, मग तक्रारीचा विचार करा.

यादीबाहेरच्या औषधांना कमाल किंमत नाही, पण बारा महिन्यांत एमआरपी १० टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. २०० रुपयांची पट्टी वर्षाच्या आत २२० च्या पुढे गेली तर कंपनीने मर्यादा ओलांडली. हे पकडायला मागच्या वर्षीचं बिल हाताशी लागतं. मेडिकलच्या पातळ कागदावरची छपाई काही महिन्यांत उडून जाते, त्यामुळे बिल घेतल्या दिवशीच फोटो काढून ठेवा.

किंमत तपासायला एनपीपीएचं ‘फार्मा सही दाम’ हे मोफत ॲप आहे. त्यात ब्रँडचं किंवा मूळ औषधाचं नाव टाकलं की कमाल किंमत दिसते, पण ती सहसा एका गोळीची आणि जीएसटी सोडून असते. समजा कमाल किंमत गोळीला २ रुपये आहे आणि पट्टी १५ ची. मग ३० रुपये, त्यावर ५ टक्के जीएसटी, म्हणजे पट्टीची एमआरपी ३१ रुपये ५० पैशांपर्यंत चालते. बहुतेक औषधांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला. बाकी काही न बदलता १०० रुपयांची पट्टी तेव्हा ९३ रुपये ७५ पैशांवर यायला हवी होती. त्याआधीच्या बिलाशी तुलना करताना हा फरक धरायचा.

मधुमेह आणि रक्तदाबाच्या रुग्णांना बहुतेक वेळा जोडगोळ्या दिलेल्या असतात, एका गोळीत दोन किंवा तीन औषधं. घटक यादीत असले तरी अशी जोडगोळी सहसा यादीत नसते. काही जोडगोळ्यांची किरकोळ किंमत एनपीपीए कंपनीनिहाय ठरवतं, पण ती त्या कंपनीपुरतीच. तेव्हा वहीत दोन्ही घटकांच्या सुट्या गोळ्यांची बेरीज मांडा आणि जोडगोळीशी ताडून बघा. कधी शंभरेक रुपये वाचतात, कधी उलटंही निघतं. मात्र सत्तरीच्या माणसाला रोज दोन गोळ्या जास्त लक्षात ठेवाव्या लागणार असतील, तर वाचलेल्या पैशांपेक्षा चुकलेला डोस महागात पडतो. आमच्या मते स्मृती कमी झालेल्या रुग्णाच्या बाबतीत जोडगोळीला हात लावू नये.

पेटंट संपलेल्या औषधांकडे मुद्दाम बघा, कारण सर्वांत मोठी बचत तिथे होते. एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या औषधाचं पेटंट मार्च २०२५ मध्ये संपलं. तोवर साधारण ६० रुपयांना पडणारी गोळी अनेक कंपन्यांनी बाजारात आणली आणि काहींनी दर १० रुपयांच्याही खाली ठेवला. चिठ्ठी मात्र जुनीच फिरत असते, त्यामुळे पुष्कळ घरांत महागडा ब्रँड सवयीने चालू राहतो.

मग थेट दुकानात जाऊन ‘यातलंच स्वस्त द्या’ म्हणावं का? तसं केमिस्टला करता येत नाही. शेड्यूल एच मधलं (म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणारं) औषध चिठ्ठीत ब्रँडच्या नावाने लिहिलेलं असेल, तर तोच घटक असलेला दुसरा ब्रँड परस्पर देणं औषध नियमावलीनुसार बेकायदा आहे. वाट डॉक्टरांकडून जाते. पुढच्या तपासणीला वही घेऊन जा आणि जेनेरिक नावाने चिठ्ठी लिहून मागा. डॉक्टरांनी जेनेरिक नाव, तेही सुवाच्य, लिहावं असं वैद्यकीय आचारनियमांत २०१६ पासून आहे. ते सक्तीचं करणारे २०२३ चे नवे नियम महिन्याभरातच स्थगित झाले, तेव्हा हक्क म्हणून वाद घालण्यापेक्षा विनंती केलेली बरी. ‘डॉक्टर, ही चालू ठेवायची असेल तर स्वस्त पर्याय लिहून द्याल का?’ एवढं पुरतं. डॉक्टर नको म्हणाले तर कारण विचारा, ते कधीकधी खरंच असतं. थायरॉइडची थायरॉक्सिन, रक्त पातळ करणारं वॉरफरिन, फिट्सची औषधं, डिगॉक्सिन यांचा ब्रँड सारखा बदलू नये. रक्तातल्या प्रमाणात थोडा फरकही त्रास देतो. बीपीची गोळी बदलली तर दोन आठवडे घरी मोजून नोंद ठेवा.

जेनेरिक चिठ्ठी हातात आली की जनऔषधी केंद्र, म्हणजे स्वस्त जेनेरिक औषधांचं सरकारी योजनेतलं दुकान, गाठा. ‘जनऔषधि सुगम’ ॲपवर जवळचं केंद्र आणि औषधाचा दर दोन्ही दिसतात. तिथे साठा संपलेला असणं नेहमीचं, म्हणून गोळ्या संपायच्या दहा दिवस आधी जा. साध्या मेडिकलमधलं ‘जेनेरिक’ मात्र वेगळी गोष्ट. तिथे छापील एमआरपी भरमसाट आणि दुकानदाराची खरेदी फार कमी असा प्रकार चालतो, तेव्हा सवलत घासाघीस करून घ्या आणि तुलना शेवटच्या आकड्याची करा, सवलतीच्या टक्क्याची नको.

सुट्या गोळ्यांचाही नियम आहे. १५ गोळ्यांची पट्टी ९० रुपयांची असेल तर ४ गोळ्यांचे २४ रुपयेच. जास्त घेता येत नाहीत. बॅच नंबर आणि मुदत छापलेला तुकडा मागून घ्या, नाहीतर गोळी परत करणंही अवघड.

छापील एमआरपीपेक्षा जास्त घेतले तर महाराष्ट्रात जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयात सहायक आयुक्त (औषधे) यांच्याकडे, गोव्यात अन्न व औषध प्रशासन संचालनालयाकडे तक्रार द्या. एमआरपीच कमाल किमतीहून जास्त छापली असेल तर तो दोष दुकानदाराचा नाही, कंपनीचा. ती तक्रार एनपीपीएच्या ‘फार्मा जन समाधान’ पोर्टलवर किंवा १८००-१११-२५५ वर. सोबत बिल, पट्टीच्या दोन्ही बाजूंचे फोटो, बॅच नंबर आणि कंपनीचं नाव हवं. बिल नसलेली तक्रार पुढे सरकत नाही. आणि हेही माहीत असू द्या की जास्त घेतलेली रक्कम कंपनीकडून सरकार व्याजासह वसूल करतं, ती तुमच्या खात्यात येत नाही.

सत्तरीपुढच्यांना मिळणाऱ्या आयुष्मान वय वंदना कार्डाचा वर्षाला ५ लाखांचा आधार रुग्णालयात दाखल झाल्यावरचा आहे, त्यात घरी गेल्यानंतरची १५ दिवसांची औषधं धरलेली असतात. रोजच्या बीपीच्या गोळ्या त्यात बसत नाहीत. त्यासाठी महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाची रुग्णालयं बघा, तिथे १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. आणि आईबाबांचा आरोग्य विमा नसेल, तर साठीपुढच्यांच्या औषधखर्चावर जुन्या करप्रणालीत ५० हजार रुपयांपर्यंत वजावट मिळते. पैसे रोख दिलेले असतील तर ती मिळत नाही, म्हणून मेडिकलचं बिल यूपीआयने किंवा कार्डाने भरा.