चार गुंजांचा छर्रा : सोलापुरात एअर पिस्तूल शिकताना

अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यामागे पत्र्याची लांबट शेड आहे. मी दहा मीटर एअर पिस्तूल तिथेच शिकले. शेडच्या टोकाला छर्रे अडवणारी लोखंडी पेटी आणि तिच्यामागे दोरीवर दुहेरी घडी करून टांगलेल्या दोन जुन्या सोलापुरी चादरी. पेटी चुकलेला छर्रा चादरीत शिरतो, वेग हरवतो आणि खाली पडतो, उलटून येत नाही. आता शनिवार-रविवारी त्याच शेडमध्ये नवी मुलं येतात आणि महिनाभरातच विचारतात, "ताई, छर्रे कोणते घेऊ? हलके की जड?" रेंजवर सगळे पेलेटच म्हणतात, पण मला छर्रा हा शब्द जवळचा वाटतो. उत्तर एका ओळीत देता येतं : ०.४९ ग्रॅमचा किंवा त्याहून हलका घ्या आणि वर्षभर तोच ठेवा. पण त्यामागचं कारण समजलं नाही, तर कुणीतरी काहीतरी सांगतं आणि माणूस डबे बदलत बसतो. माझं दीड वर्ष त्यात गेलं.

आधी वजनाचं पाहू. स्पर्धेच्या ४.५ मिमी छर्र्यांच्या डब्यावर वजन ग्रॅममध्ये असतं, नाहीतर ग्रेनमध्ये. एक ग्रेन म्हणजे ६४.८ मिलिग्रॅम. बाजारात मुख्यतः तीन वजनं दिसतात : ०.४५ ग्रॅम म्हणजे ७ ग्रेन, ०.४९ ग्रॅम म्हणजे साडेसातच्या किंचित वर आणि ०.५३ ग्रॅम म्हणजे ८.२ ग्रेन. माझे मामा सराफाच्या पेढीवर कारागीर आहेत. पहिल्यांदा त्यांच्या हातात छर्रा दिला, तेव्हा तळव्यावर खेळवून म्हणाले, "चार गुंजा भरेल." काट्यावर टाकला तर ०.४८८ ग्रॅम. जुन्या हिशेबात आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा. चार गुंजा म्हणजे अर्धा मासा, म्हणजेच ०.४८६ ग्रॅम. मामांच्या तळहाताचा तो अंदाज मी अजून विसरलेले नाही.

माझी चूक जड छर्र्यापासून सुरू झाली. एका दुकानदाराने सांगितलं, "जड छर्रा वाऱ्याला हलत नाही, सरळ जातो." मी ०.५३ ग्रॅमचे चार डबे घेऊन आले. बंद शेडमध्ये दहा मीटरवर वारा कुठला, हे तेव्हा सुचलं नाही. नेम खाली बसायला लागला म्हणून मागची साइट, म्हणजे नेम धरायची खाच, वर केली. डबे संपले तेव्हा मैत्रिणीकडून ०.४५ चे घेतले, तर नेम वर गेला. पुन्हा साइट. दोन महिने मी साइटचे क्लिक मोजत होते आणि ट्रिगरवरचं लक्ष सुटलं ते सुटलंच.

आता हिशेब मांडते. पिस्तूल छर्र्याला देतं ती ऊर्जा ढोबळमानाने तेवढीच राहते, साधारण ५ ज्यूल. ०.४५ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १५० मीटरने निघत असेल, तर तेवढ्याच ऊर्जेत ०.५३ ग्रॅमचा १३८ मीटरने निघेल. दहा मीटर जायला पहिल्याला ०.०६७ सेकंद लागतात, दुसऱ्याला ०.०७२. तेवढ्या वेळात पहिला २२ मिमी खाली येतो, दुसरा जवळपास २६. आपल्या टार्गेटवर एका वर्तुळाच्या रेषेपासून पुढच्या रेषेपर्यंत ८ मिमी अंतर असतं. म्हणजे नेम, हात, श्वास सगळं तसंच ठेवून नुसता डबा बदलला, तरी अर्ध्या वर्तुळाचा फरक पडतो. हा फरक साइटने भरून काढता येतो, त्यामुळे तो मोठा दोष नाही.

साइटने भरून निघत नाहीत अशा दोन गोष्टी मात्र आहेत. जड छर्रा बॅरलमध्ये किंचित जास्त वेळ राहतो. ट्रिगर सुटल्यापासून छर्रा बाहेर पडेपर्यंत आपला हात जेवढा हलेल, तेवढं त्या नेमात मिसळतं. रायफलवाल्याला खांदा, जाकीट आणि दुसऱ्या हाताचा आधार असतो, म्हणून ०.५३ ग्रॅम त्याला चालतो. आपण एका हाताने, हात लांब करून, टेकू न घेता उभे असतो. दुसरी गोष्ट धक्क्याची. वजन गुणिले वेग केलं, तर वरच्या उदाहरणात जड छर्र्याचा आकडा सुमारे ८ टक्के जास्त येतो. एअर पिस्तुलाचा धक्का मुळात लहान असतो, पण नवशिक्याचं मनगट अजून घट्ट झालेलं नसतं आणि साठाव्या शॉटला ते थकलेलं असतं.

इथे मुलं आणखी एक प्रश्न विचारतात, कारण परदेशी नेमबाजांचे व्हिडिओ त्यांनी पाहिलेले असतात : तिथले लोक तर उलट जड गोळीच्या मागे का असतात? तो खेळ वेगळा. त्या स्पर्धांत ९ मिमी पिस्तुलाची काडतुसं नेमबाज स्वतः भरतात. गोळ्या ११५, १२४ आणि १४७ ग्रेनच्या मिळतात. नियम असा की गोळीचं ग्रेनमधलं वजन गुणिले सेकंदाला फुटांमधला वेग, भागिले हजार, हा आकडा १२५ च्या खाली जायला नको. ११५ ग्रेनच्या गोळीला त्यासाठी सुमारे १०८७ फूट वेग लागतो, १४७ ग्रेनच्या गोळीला ८५१ फूट पुरतो. संथ गोळीला दारू कमी लागते, मागे ढकलणारा वायू कमी असतो, म्हणून धक्का मऊ लागतो. म्हणजे तिथे नियमाने संवेग, म्हणजे वजन गुणिले वेग, बांधलेला आहे, तर आपल्याकडे पिस्तुलाने ऊर्जा बांधलेली आहे. म्हणूनच उत्तर उलटं येतं. हे मला समजलं, त्या दिवशी वजनाबद्दलची माझी सगळी घालमेल संपली. आणि एक गोष्ट स्पष्ट सांगते : १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार काडतूस तयार करायला परवाना लागतो. घरी काडतूस भरून पाहण्याचा विचारही कुणी करू नये.

वजन ठरलं, तरी अर्धंच काम झालं. डब्यावर आणखी एक आकडा असतो : ४.४९, ४.५०. हा छर्र्याच्या डोक्याचा व्यास. त्याच कंपनीचा, त्याच वजनाचा छर्रा एका बॅरलमध्ये ४.४९ चा चांगला बसतो, दुसऱ्यात ४.५० चा. आमच्या सरांच्या ओळखीच्या लेथवाल्याने लाकडी जबड्यांचा शिकंजा करून दिला होता. त्यात पिस्तूल आवळून प्रत्येक प्रकारचे दहा-दहा छर्रे एकाच कागदावर मारायचे आणि भोकांचा घेर, म्हणजे ती किती रुंद पसरली ते, मोजायचा. माझ्या पिस्तुलात ०.५३ चा घेर साडेनऊ मिमी आला, ०.४९ मधल्या ४.४९ चा आठ आणि ४.५० चा साडेसहा. तुमच्या पिस्तुलात हे आकडे वेगळे येतील, त्यामुळे माझे उतरवून घेऊ नका.

पण ही चाचणी पहिल्या वर्षी करायची घाई नको. कारण सांगते. समजा तुमचा हात ४० मिमीचा घेर देतो. चांगल्या छर्र्याचा स्वतःचा घेर ६ मिमी आणि साधारण छर्र्याचा ९. दोन्ही चुका एकमेकींत मिसळताना सरळ बेरीज होत नाही, वर्गांची होते. म्हणून एकूण घेर एकदा ४०.४ येतो आणि एकदा ४१. अर्ध्या मिलिमीटरसाठी तुम्ही महिन्याचा खर्च वाढवलेला असतो. हात १५ मिमीवर आला की तोच फरक सव्वा मिलिमीटरच्या वर जातो आणि तेव्हा तो मोजण्यासारखा असतो. दहाचं वर्तुळ ११.५ मिमीचं आहे आणि रेषेला छर्रा शिवला तरी दहा मिळतात, म्हणजे छर्र्याचा मध्य केंद्रापासून ८ मिमीच्या आत हवा. पात्रता फेरीत असे ६० शॉट, ७५ मिनिटांत. तिथे एकेक गुण जिवावर येतो, हे मला मान्य आहे. पण त्या पायरीपर्यंत पोहोचायला ट्रिगर, साइट आणि रिकाम्या पिस्तुलाचा रोजचा सराव लागतो.

त्याहून कितीतरी जास्त गुण वाकलेल्या छर्र्याने जातात. छर्रा शिशाचा असतो आणि त्याची मागची कड कागदासारखी पातळ असते. बालेवाडीच्या स्पर्धेला हुतात्मा एक्सप्रेसने जाताना मी अर्धा संपलेला डबा बॅगेत तसाच टाकला होता. पुण्यापर्यंत अडीचशे किलोमीटर छर्रे एकमेकांवर आपटत गेले. दहा-दहा शॉटच्या मालिका असतात, त्यातल्या दुसऱ्या मालिकेत सुटलेला शॉट चांगला वाटला आणि स्क्रीनवर ७ आले. मग पुन्हा ८. मला वाटलं हात बिघडला, मी घाईने पकड बदलली आणि उरलेली स्पर्धा त्यात गेली. परत आल्यावर भिंगाखाली पाहिलं, तर दहातल्या दोन-तीन छर्र्यांची कड चपटी. तेव्हापासून अर्धवट डब्यात स्पंजची चकती कापून वरून दाबते आणि स्पर्धेचे साठ-सत्तर छर्रे आदल्या रात्री एकेक पाहून फोमच्या खाचांत ठेवते.

मामांच्या काट्यावर मी एकदा अख्खा डबा, पाचशे छर्रे, तोलले. बहुतेक सगळे पाच-सहा मिलिग्रॅमच्या आत होते. वेगळे काढलेले आणि न काढलेले शिकंज्यात मारून पाहिले, घेरात नजरेला दिसेल असा फरक नव्हता. म्हणून आता तोलत नाही, फक्त कड पाहते. डब्यामागचा लॉट नंबर, म्हणजे एकत्र बनलेल्या मालाचा क्रमांक, मात्र वहीत लिहून ठेवते आणि जुळलेल्या लॉटचे तीन-चार डबे एकदम घेते.

सोलापूरच्या उन्हाळ्याबद्दल थोडं. स्वस्तात मिळतं म्हणून कार्बन डायऑक्साइडवर चालणारं जुनं पिस्तूल घेऊ नका. तो वायू ३१ अंशांच्या वर द्रवरूपात राहूच शकत नाही, दाब झपाट्याने चढतो. मे महिन्यात आमच्या शेडमध्ये ४२ अंश असतात. सकाळी सहाला जमलेला नेम दहाला वर गेलेला असतो आणि मुलगा छर्र्याला दोष देतो. भरगच्च भरलेला सिलिंडर तापला तर धोकाही आहे. दाबलेल्या हवेच्या पिस्तुलात दाब एकसारखा ठेवणारा रेग्युलेटर असतो, तो हे बरंचसं सांभाळून घेतो. तरी सिलिंडर उन्हात किंवा दुचाकीच्या डिकीत ठेवायचा नाही.

आणि शिसं विषारी आहे, हे आई-वडिलांनाही सांगा. छर्रा ओठांत धरायचा नाही. सराव झाला की साबणाने हात धुतल्याशिवाय जेवणाच्या डब्याला, पाण्याच्या बाटलीलासुद्धा शिवायचं नाही. पावसाळ्यात छर्र्यांच्या जुन्या डब्यात पांढरी भुकटी दिसली तर तो डबा सरळ बाजूला काढायचा. आमच्या शेडमध्ये एक मुलगी शेंगाचटणी-भाकरी घेऊन यायची आणि दोन मालिकांच्या मध्ये खायची. तिला मी नळाशी नेऊन उभी करायचे. आता शेडच्या दारातच साबण ठेवला आहे आणि खाणं पलीकडे कारखान्याच्या ओट्यावर होतं.

स्पर्धेच्या आधीच्या पंधरा दिवसांत छर्रा बदलू नका, कुणी भेट दिला तरी. जिल्हा, राज्य आणि मग पात्रता गुण मिळाले तर मावळंकर स्पर्धा, असा आपला रस्ता आहे. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांच्या नावाची ही स्पर्धा. १९५१ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेचे ते पहिले अध्यक्ष होते. यंदा आमच्या शेडमधून चार मुलं राज्य स्पर्धेला निघाली आहेत. चौघांकडे ०.४९ चा छर्रा आहे. तिघांचा ४.५० चा आणि एकाचा ४.४९ चा, कारण त्याच्या बॅरलला तो मानवतो. काल रात्री ते मामांच्या घरी बसून भिंगाखाली कडा तपासत होते.