घाट उतरून आलेली गाडी

आयटीआयला मोटर मेकॅनिकची दोन वर्षं काढून साताऱ्यात गॅरेजला लागलो, तेव्हा वाटलं होतं पाना हातात आला की काम आलं. पण मिस्त्रींनी सहा महिने मला फक्त चाकं खोलायला आणि गिऱ्हाइकाशेजारी बसून ट्रायल मारायला लावलं. राग यायचा. आता नवीन पोरगं आलं की मीही तेच करतो.

कारण गिऱ्हाईक येऊन एवढंच म्हणतं, "ब्रेकचं बघा जरा." त्यावरून काही खोलायचं नाही. आधी विचारायचं, कधी होतं? गाडी तापल्यावर की सकाळी सकाळी? ब्रेक दाबल्यावर की खड्ड्यात?

माझी फजिती सांगतो. मे महिन्यात एक कुटुंब पाचगणीहून पसरणी घाट उतरून आलं. "वाईच्या अलीकडं पॅडल पार खाली गेलं." मी दाबून बघितलं तर दगडासारखं टणक. डिस्कला, म्हणजे चाकामागच्या लोखंडी तबकडीला, आवळून गाडी थांबवणारे पॅडही निम्मे शिल्लक. म्हटलं, काही नाही, जावा बिनधास्त. मिस्त्रींनी माझ्या हातातली चावी काढून घेतली आणि ब्रेक ऑइलच्या बाटलीचं झाकण उघडून वाकायला लावलं. आत कोऱ्या चहासारखं काळपट ऑइल. रंगावरून ओलावा कळत नाही, पण किती जुनं ते कळतं. हे ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. नवं डॉट 4, म्हणजे या ऑइलचा एक प्रकार, निदान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरला की तो आकडा 155 पर्यंत उतरू शकतो. घाटात चौथा गिअर टाकून ब्रेकवर पाय ठेवून आलं की चाकाशी ते उकळतं, वाफ होते, वाफ दबते आणि पाय खाली जातो. गाडी गार झाली की सगळं ठणठणीत! दोनेक वर्षांनी बदलायचं ऑइल त्या माणसानं गाडी घेतल्यापासून बदललंच नव्हतं.

इंजिन चालू ठेवून पॅडल दाबून धरा. हळूहळू खाली बसत गेलं तर कुठंतरी गळतंय नाहीतर मास्टर सिलिंडर, म्हणजे पॅडलच्या दाबानं ऑइल चाकांकडं ढकलणारा पंप, गेलाय. पॅडल कायमच स्पंजासारखं लागत असेल तर लाइनीत एअर, म्हणजे ऑइलच्या नळीत हवा. गाडी एका बाजूला ओढत असेल तर ट्रायलनंतर रिमजवळ तळवा धरा, चिकटवू नका, मी चिकटवलाय. एकच चाक भाजत असेल तर पॅड दाबणारा कॅलिपर जाम. बारीक चिरकणं म्हणजे पॅड संपत आलेत, घरघर म्हणजे पॅडमागचं लोखंड डिस्कला लागलंय. पावसाळ्यात मात्र सकाळचा पहिला आवाज बहुतेक वेळा नुसत्या गंजाचा असतो, दोन-चार ब्रेकांत जातो. त्यासाठी पॅडचं बिल लावू नका.

सस्पेन्शनला बंपर दाबून बघणं सगळ्यांना येतं, पण त्यात थोडा कमजोर झालेला शॉकअप, म्हणजे गाडीचे हेलकावे थांबवणारा दांडा, पास होऊन जातो. त्यापेक्षा टायरवरून हात फिरवा. उंचसखल लाटा लागल्या, शॉकअपवर तेलाचा ओघळ दिसला, की शॉकअप गेला समजायचं. बारीक खड्ड्यांत खडखड आली तर मी आधी लिंक रॉड, म्हणजे सस्पेन्शनची बारीक जोडदांडी, बघतो. धप्प असा जड आवाज असेल तर लोअर आर्मचे, म्हणजे चाक धरणाऱ्या खालच्या हाताचे, रबरी बुश.

आणि त्या आर्मला चाकाशी जोडणाऱ्या बॉल जॉइंटला टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, लावून हलवलं आणि ढिला निघाला, तर गिऱ्हाईक उद्या लग्नाला जायचंय म्हणालं तरी चावी द्यायची नाही. मी शिव्या खाल्ल्यात यावरून. त्यातला एक अजून समोरच्या गॅरेजला जातो.