गाडी तापली? आधी आठवा, कुठे तापली

मे महिन्यात खंबाटकी घाट चढताना कडेला बॉनेट उघडून उभ्या राहिलेल्या गाड्या दिसतातच. बरेच जण बाटलीभर पाणी ओततात आणि निघतात. पाणी गेलं कुठे, हे न बघता ओतलं, तर पुढच्या चढाला तेच होणार.

तापमानाचा काटा लालकडे सरकला की एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा आणि ब्लोअर वाढवा. इंजिनाची थोडी उष्णता आत येईल, घामाघूम व्हाल, पण कडेला जागा मिळेपर्यंत इंजिनाला आधार मिळतो. इथेच पहिली खूण सापडते. काटा वर आणि हीटरची हवा मात्र गार, म्हणजे कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) कमी झालंय किंवा फिरत नाहीये. मग जिथे सुरक्षित थांबता येईल तिथे लगेच इंजिन बंद करा.

किमान अर्धा-पाऊण तास थांबा. तोवर रेडिएटरच्या (कूलंट गार करणाऱ्या जाळीच्या) झाकणाला हात नको. आत दाब असल्यामुळे कूलंट १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल केलं की दाब सुटतो आणि उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.

थांबलाच आहात तर आठवा: गाडी नेमकी कधी तापली?

सिग्नलला किंवा ट्रॅफिकमध्ये तापते आणि हायवेला लागताच काटा उतरतो? मग संशय फॅनवर. वेगात वारा रेडिएटरमधून आपोआप जातो, उभ्या गाडीला फॅनच लागतो. इंजिन गार झाल्यावर गाडी चालू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत फॅन फिरायला हवा. नाही फिरला तर आधी फ्यूज, मग रिले (फॅनची वीज चालू-बंद करणारा स्विच), मग मोटर तपासा. हात लांब ठेवा, फॅन अचानक सुरू होतो.

चढावर किंवा वेगातच तापत असेल तर कूलंटची पातळी बघा, मग रेडिएटर. बाहेरून जाळीत माती-किडे अडकतात, आतून क्षार साठतात. बोअरचं पाणी वर्षानुवर्षं भरणाऱ्यांच्या गाडीत हे फार होतं. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटरच वापरा. इंजिन तापूनही रेडिएटरचा एक होज पाइप कढत आणि दुसरा गारच राहिला, तर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर कूलंटला वाट देणारी झडप, अडकलेला असू शकतो.

गळती शोधायला रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवा. हिरवा किंवा गुलाबी डाग कूलंटचा. एसीचं पाणी स्वच्छ असतं, त्याची चिंता नको.

डाग नाही, तरी पातळी उतरतेय? इंजिन ऑइलचं झाकण उघडा. खाली दुधाळ चहासारखा थर, किंवा इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर, या हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील) गेल्याच्या खुणा. गाडी चालवत नेऊ नका, टो करा. गॅरेजमध्ये हेड वाकलंय का तेही तपासायला सांगा, कारण वाकलेल्या हेडवर नवं गॅस्केट टिकत नाही.