बोअरच्या पाण्यावरचा गिझर कसा साफ करायचा

आपल्याकडं लातूर काय, बीड काय, बोअरचं पाणी लई क्षाराचं, त्यामुळं स्टोरेज गिझरच्या तळाला पांढरा गाळ बसतो अन् कॉईलवर थर चढतो. पाणी तापायला उशीर लागतो, आतून कडकड आवाज येतो. असं झालं की समजायचं साफ करायची वेळ झाली.

आधी एमसीबी, म्हणजे लाईटच्या बोर्डातला गिझरचा खटका, खाली पाडा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. पाणी पूर्ण गार होऊ द्या, मग गार पाण्याचा कॉक बंद करून बाथरूममधला गरम नळ उघडा ठेवा म्हणजे आत हवा जाईल, आणि खाली बादली लावून इनलेटचा, म्हणजे गार पाणी आत जायचा, पाईप पान्यानं सोडवा, सेफ्टी व्हॉल्व्ह पण काढा कारण तो पाणी उलटं येऊ देत नाही. चुन्यासारखं गढूळ पाणी येईल. पाईप जोडून परत भरायचं, परत सोडायचं, स्वच्छ येईपर्यंत.

थर जाड असंल तर मिस्त्रीकडून कॉईल काढून घ्या अन् लिंबूसत्वाच्या पाण्यात भिजत घाला, संडासचं ॲसिड अजिबात नको, टाकी खाऊन टाकतं. कॉईलजवळचा मॅग्नेशियम रॉड पण बघा, तो टाकीऐवजी स्वतः झिजतो, बारीक तारेएवढा राहिला तर बदला, गॅस्केट, म्हणजे कॉईल बसवायच्या जागचं रबर, पण नवीनच टाका.

शेवटी गरम नळातून अखंड धार आली की मगच एमसीबी वर करा, रिकाम्या टाकीत कॉईल जळते.